रीफ टँकमध्ये (कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) बबल अल्गी, म्हणजे फुग्यांसारखं शेवाळ झालंय, एमराल्ड क्रॅब आणू का? तो मासे मारतो म्हणतात, खरं का?

"मासे मारतो म्हणतात" हे वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण आमच्या घरात हा खटला अजून चालू आहे.

आधी तुमचं सांगतो. रॉकवर चकचकीत हिरवे फुगे असतील तर ती व्हॅलोनिया, म्हणजेच बबल अल्गी, तिच्यासाठी एमराल्ड (हा छोटा हिरवा खेकडा) बिनधास्त आणा, एकच आणा. केसांसारखी हेअर अल्गीपण थोडीफार खातो. लाल चिकट थर असेल तर तो सायनो (बॅक्टेरियाचा थर), त्याला हा तोंडसुद्धा लावत नाही, उगाच पैसे घालवू नका. आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट (अल्गीचं खत) चढलेले असतील तर खेकड्यांची फौज आणली तरी अल्गी परत येणारच.

आता मासे मारण्याचं. आम्ही कोथरूडला राहतो, मे महिन्यात एका लग्नाला रत्नागिरीला गेलो होतो आणि घराची किल्ली दाजींकडे. टँकशेजारी बॅटरीवरचा एअर पंप ठेवून त्यावर चिठ्ठी चिकटवली होती, लाइट गेले की हा चालू करा, बस एवढंच काम. बुधवारी दाजींचा फोटो आला, "तुझा खेकडा गेला." फोटोत पाय, चिमटे, डोळे सगळं जागच्या जागी, पण पाठीमागून फाटलेलं आणि आतून पोकळ. म्हणजे खेकड्याने कात टाकलेली, तो स्वतः रॉकखाली लपलेला. मी तसं कळवलं, त्यावर अंगठा आला. शुक्रवारी सकाळी थेट फॅमिली ग्रुपवर दुसरा फोटो, क्रोमिस मासा मेलेला आणि त्यावर बसून खेकडा लचके तोडतोय, खाली लिहिलेलं "मारेकरी". तेव्हापासून कुठलंही कार्य असो, पंगतीत विषय निघतोच.

आता डोकं लावा. कात टाकल्यावर नवं कवच टणक व्हायला काही दिवस जातात, तोवर हा प्राणी जीव मुठीत धरून लपून बसतो, तो पोहणाऱ्या क्रोमिसची शिकार कशी करेल? मेलेलं मांस समोर आयतं पडलं तर खाणारच, ते त्याचं कामच आहे. मग मासा मेला कशाने? मधे गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात हे शाळकरी पोराला पण माहितीये. दाजी म्हणतात लाइट गेलेच नाहीत. पण टँकच्या लाइटला जुना चकतीचा टायमर आहे, करंट गेला की चकती जागीच थांबते. परत आल्यावर बघितलं तर चकती घड्याळाच्या चार तास मागे! चार तास पाणी थंड ठेवणारा चिलर बंद, पाणी हलवणारा वेव्हमेकर बंद, बाहेर चाळिशीला टेकलेला पारा. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी राहतो, वरून दाजींनी प्रेमाने खाणं भरपूर टाकलेलं, ते कुजायला लागलं की उरलेला ऑक्सिजन बॅक्टेरिया खातात, रात्री तर कोरल आणि अल्गीसुद्धा तोच ऑक्सिजन वापरतात. मासा रात्री गुदमरला. पंपावरची चिठ्ठी होती तशीच, पंपाच्या बटणावर धूळ. आणि आरोपी खेकडा!

खरं बघायचं असेल तर टँकचे लाइट बंद झाल्यावर टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून बसा. चिमट्यांची टोकं खोलगट असतात, त्यात तो फुगा धरतो, मुळापासून उपटतो आणि तोंडात घालतो, दुसरा चिमटा तोवर पुढच्या फुग्यावर. हे असं तासन्‌तास.

आता तो अगदी साधू आहे असंही नाही. मोठा झालेला एमराल्ड उपाशी राहिला तर रात्री झोपलेला छोटा मासा धरू शकतो, झोआंना (फुलांसारख्या छोट्या कोरलना) पण चिमटे काढतो. म्हणून अल्गी संपली की बिनमसाल्याच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा देत जा. हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) आणणार असाल तर मोठे रिकामे शंख टाका, नाहीतर शंखासाठी ते स्नेल (गोगलगायी) मारतील, त्यांच्यावरचा आरोप मात्र खरा आहे. टँकमध्ये तांब्याचं औषध कधीही नको, सगळे खेकडे जातील. खेकडे सोडताना ड्रिप लावून (टँकचं पाणी थेंबथेंब मिसळत) सावकाश सोडा, सॅलिनिटीचा (खारटपणाचा) झटका त्यांना सोसत नाही. बाष्पीभवनाची भर फक्त आरओच्या पाण्याने, बोअरचं पाणी नको.

आणि सुट्टीत किल्ली ज्याला द्याल त्याच्याकडून तो बॅटरीचा पंप एकदा तुमच्यासमोर चालू करून घ्या, मग तो जावई असला तरी. दाजी हे वाचत असतील तर टायमर मी जपून ठेवलाय, कधीही या.