जिंकलेला सेनापती 1940 ला का नाही लढला?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर एस्टोनियाचा सेनापती योहान लाइदोनेर याच्यावरून जोरदार वाद झाला. 1919 ला ज्याने कम्युनिस्ट रशियाच्या लाल सेनेला हाकललं तोच 1940 ला एक गोळी न झाडता शरण गेला, म्हणजे तो घाबरला असं एकाचं म्हणणं. खरं काय? आणि पुढे त्याचं काय झालं?
– एक निवृत्त वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, घाबरला हे मला अजिबात पटत नाही. 1884 ला जन्मलेला शेतकऱ्याचा पोरगा, झारच्या सैन्यात शिकून वर आला आणि 23 डिसेंबर 1918 ला सरसेनापती झाला तेव्हा परिस्थिती बेकार होती. जानेवारीच्या सुरुवातीला लाल सेना राजधानी टॅलिनपासून साधारण 35 किलोमीटरवर, म्हणजे आपल्या ठाणे स्टेशनवरून सीएसएमटी जेवढं लांब तेवढंच. तिथून त्याने पलटवार केला, आणि त्यात मला सगळ्यात भारी वाटतात त्या चिलखती रेल्वेगाड्या. पोलादी पत्रे कमी, म्हणून सुरुवातीला मालगाडीच्या वाघिणींना लाकडी फळ्या लावून मध्ये वाळू भरली, वर तोफा आणि मशीनगन, आणि गाडी सरळ शत्रूच्या हद्दीत. 14 जानेवारीला टार्टू, 19 ला नार्वा परत घेतलं. पण मदत होती हे विसरू नका, ब्रिटिश आरमार समुद्रात, फिनलंडचे स्वयंसेवक जमिनीवर, आणि रशिया स्वतःच यादवीत अडकलेला. 2 फेब्रुवारी 1920 ला टार्टूचा तह झाला, रशियाने एस्टोनियाचं स्वातंत्र्य मान्य केलं.

1940 ला यातलं काहीच नव्हतं. सप्टेंबर 1939 मध्ये मॉस्कोने दबाव आणून करार करून घेतला आणि 25 हजारांपर्यंत सोव्हिएत सैनिक आधीच तळ ठोकून आत बसले. जून 1940 मध्ये फ्रान्स कोसळत होता, मदतीला येणार कोण? 16 जूनला अल्टिमेटम आला, 17 ला त्याने नार्वाला अटींवर सही केली. लढला असता तर हजारो पोरं मेली असती, निकाल तोच.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. 12 मार्च 1934 ला त्याने आणि तेव्हाचा सरकारप्रमुख कॉन्स्टंटिन पॅट्स याने मिळून सत्ता हातात घेतली, कारण सांगितलं की उजवे माजी सैनिक उठाव करणार, मग संसद बंद, पक्ष बंद. त्यामुळे 1939 ला त्या कराराचा एवढा मोठा निर्णय मोजक्या माणसांनी बंद खोलीत घेतला, लोकांना विचारायची सोयच उरली नव्हती. वाद घालायचाच तर कट्ट्यावर यावर घाला.

पुढचं सांगतो. जुलै 1940 मध्येच बायको मारियासकट त्याला रशियात पेन्झाला नेलं, 1941 ला अटक झाली, नंतर 25 वर्षांची शिक्षा, आणि 13 मार्च 1953 ला रशियातल्याच व्लादिमीरच्या तुरुंगात वारला, स्टालिननंतर आठच दिवसांनी. मारिया 1954 ला एस्टोनियात परतली. टॅलिनजवळ वीम्सीला त्याचा जो वाडा होता तिथे आता युद्धसंग्रहालय आहे, आणि विल्यांडीला 2004 मध्ये त्याचा घोड्यावरचा पुतळा उभारलाय.