मुलगा गेम खेळत नाही, गेमवरच्या गप्पा ऐकत बसतो

कराडहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या घरी ब्लाउज शिवतात, मुलगा बारावी सायन्सला आहे. त्या लिहितात : ‘मुलं गेम खेळतात म्हणून लोक तक्रार करतात. माझा मुलगा खेळतो कमी, पण अमेरिकेतली माणसं गेमवर गप्पा मारतात त्या कानात घालून ऐकत बसतो. भांडी विसळतानासुद्धा ऐकतो. परवा म्हणाला, मला हेच करायचंय. मी एकदा त्याच्याबरोबर ऐकलं, ‘ट्रिपल क्लिक’ असं काहीतरी नाव होतं. इंग्रजी फारसं कळलं नाही. पण एक जण बोलत होता तेव्हा बाकीचे अगदी गप्प होते, तेवढं लक्षात राहिलं. सर, यात ऐकण्यासारखं काय आहे? आणि यावर पोट भरतं का?’

ताई, नमस्कार.

बाकीचे गप्प होते, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून मला फार बरं वाटलं. इंग्रजी न कळताही तुम्ही नेमकी नस पकडलीत. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पोटापाण्याचं पुढे सांगतोच.

तुमचा मुलगा ऐकतो तो ‘ट्रिपल क्लिक’ हा पॉडकास्ट, म्हणजे मोबाईलवर हवा तेव्हा ऐकता येणारा गप्पांचा कार्यक्रम, मीही ऐकला. जेसन श्रायर, मॅडी मायर्स आणि कर्क हॅमिल्टन या तिघांनी 2020 मध्ये तो सुरू केला. श्रायर ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेचा बातमीदार आहे. गेम बनवणाऱ्या कंपन्यांत माणसांना कसं रात्रंदिवस राबवून घेतात, यावर त्याने वर्षानुवर्षं बातम्या दिल्या आहेत, पुस्तकं लिहिली आहेत. मायर्स गेमवर लिहिणारी पत्रकार आणि संपादक. हॅमिल्टन वादक आहे. एकेक गाणं सुटं करून समजावणारा त्याचा वेगळा पॉडकास्टही आहे. त्यामुळे एकाच गेमबद्दल बोलताना एक जण तो कारखान्यातून कसा बाहेर पडला ते सांगतो, दुसरा त्यातलं संगीत ऐकवतो. भागाच्या शेवटी तिघंही आपल्याला आवडलेली एकेक गोष्ट सांगतात, आणि ती बऱ्याचदा एखादं पुस्तक किंवा मालिका असते. हा शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या डोक्यात गेमशिवाय दुसरं काहीच नाही, त्याचं गेमवरचं बोलणं तिसऱ्या आठवड्यात शिळं होतं.

आता जरा बारकाईने सांगतो, कारण तुमच्या मुलाला शिकायचं असेल तर ते इथे आहे. उड्या मारत पुढे जायचे गेम असतात ना, मारिओसारखे, त्यात पात्र एका कड्यावरून दुसऱ्यावर झेपावतं. सामान्य बोलणारा म्हणतो, ‘या गेमचे कंट्रोल एक नंबर आहेत.’ संपलं, ऐकणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही. चांगला बोलणारा थांबतो आणि सांगतो : बटण दाबून धरलं तर उडी उंच जाते, पटकन सोडलं तर बुटकी पडते. कड्यावरून पाय सुटला तरी सेकंदाच्या एका बारीकशा तुकड्यापुरतं गेम तुम्हाला उडी मारू देतो. खेळणाऱ्याला ही सवलत मिळाल्याचं कळतसुद्धा नाही, आपणच वेळेवर बटण दाबलं असं त्याला वाटतं. बनवणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवलेली असते. ‘सेलेस्ट’ नावाचा 2018 चा एक अतिशय अवघड गेम आहे, त्यात अशा कितीतरी छुप्या सवलती आहेत. एवढं ऐकल्यावर ज्याने गेम हातात घेतलेला नाही त्यालाही कळतं, की अवघड गेम छळवादी न वाटता आपलासा का वाटतो. बोटांना जे जाणवलं ते शब्दांत आणणं हीच या धंद्यातली खरी कारागिरी.

आपल्याकडे ही कारागिरी नवी नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन केलं. चेंडू दिसत नव्हता, मैदान दिसत नव्हतं, तरी रेडिओभोवती बसलेल्या माणसाला फटका दिसायचा. आणि शब्द मराठी होते. गेमसाठी हे काम मराठीत अजून व्हायचं आहे. तुमच्या मुलाने त्याला हात घातला तर मला मनापासून आनंद होईल.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारण्याची. सोरेन जॉन्सन हा ‘सिव्हिलायझेशन 4’ या गाजलेल्या गेमचा मुख्य डिझायनर. तो ‘डिझायनर नोट्स’ नावाचा पॉडकास्ट करतो आणि त्यात दुसऱ्या डिझायनरांना बोलतं करतो. लहानपणी काय खेळायचास इथपासून सुरुवात, मग एकेका गेमवर येतो. हा नियम का ठेवलास? तो का काढलास? काढल्यावर काय बिघडलं? काही मुलाखती तासन्‌तास चालतात, दोन-दोन भागांत जातात. त्याने स्वतः असे निर्णय घेतलेले आहेत, त्यात चुकलेला आहे, म्हणून समोरचा त्याच्याशी मोकळा होतो. सायमन पार्किन या इंग्रज पत्रकाराची रीत निराळी. ‘माय परफेक्ट कन्सोल’ या त्याच्या पॉडकास्टमध्ये पाहुण्याने आयुष्यातले पाच गेम निवडायचे. निमित्त गेमचं, पण पाहुणा सांगू लागतो तो घर, भाऊ-बहीण, आजारपण, पहिली नोकरी. पार्किन मधे तोंड घालत नाही. कुठे गप्प राहायचं हे कळणं, ताई, तुम्ही ऐकलंत तेच.

तिसरी गोष्ट सचोटीची. जेफ गर्स्टमन या समीक्षकाची हकिगत मुलाला ठाऊक असेल, तुम्हालाही ती माहीत असावी. 2007 साली तो ‘गेमस्पॉट’ या मोठ्या संकेतस्थळावर काम करायचा. ‘केन अँड लिंच’ या गेमला त्याने 10 पैकी 6 गुण दिले. त्याच गेमच्या जाहिराती त्या संकेतस्थळावर झळकत होत्या. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. जाहिरातदारांचा दबाव होता, हे 2012 मध्ये त्याने स्वतः उघडपणे सांगितलं. मधल्या काळात, 2008 मध्ये, त्याने रायन डेव्हिस या सहकाऱ्याबरोबर ‘जायंट बॉम्ब’ सुरू केलं. त्यांचा साप्ताहिक ‘बॉम्बकास्ट’ दोन-तीन तासांचा असायचा आणि लोक तो शेवटपर्यंत ऐकायचे. वर्षाअखेरीला सगळे एका टेबलाभोवती बसून वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवायचे. तो वाद तासन्‌तास, अनेक भागांत चालायचा. त्यात कुणी हट्टाला पेटायचा, कुणी दुसऱ्याचं ऐकून मत बदलायचा. मत बदलतानाचा तो क्षण ऐकायला मिळतो म्हणून असे वाद पुन्हा ऐकावेसे वाटतात. 2013 च्या जुलैमध्ये डेव्हिस गेला, वय अवघं 34. त्याला कधीही न भेटलेले हजारो लोक घरचं माणूस गेल्यासारखे हळहळले. दर आठवड्याला कानात येणारा आवाज किती जवळचा होतो, हे मला त्यावरून कळलं. तुमचा मुलगा भांडी विसळताना त्या गप्पा ऐकतो यात मला काही वावगं वाटत नाही. आपल्या आया रेडिओ ऐकतच स्वयंपाक करायच्या.

आता पोटाचं.

खरं सांगायचं तर केवळ गेमच्या पॉडकास्टवर घर चालवणारी माणसं जगभरात मोजकी आहेत, आणि त्यांनाही धक्के चुकलेले नाहीत. ‘1अप’ या संकेतस्थळाचा ‘1अप युअर्स’ हा त्या काळातला अतिशय नावाजलेला पॉडकास्ट होता. 2009 च्या जानेवारीत ते संकेतस्थळ विकलं गेलं, ढीगभर माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि तो कार्यक्रम संपला. 2023 मध्ये ‘व्हाइस’ कंपनीने आपला ‘वेपॉइंट’ हा गेमविषयक विभाग बंद केला. तिथल्या काही जणांनी लगेच ‘रीमॅप’ नावाने स्वतःचं काम उभारलं, ते श्रोत्यांच्या वर्गणीवर. ‘ट्रिपल क्लिक’लाही श्रोत्यांच्या वर्गणीचाच मोठा आधार आहे. आधी लोकांचा विश्वास, मग वर्गणी, असा हा क्रम आहे. तो विश्वास बसायला बहुतेकांची आधी दहा-दहा वर्षं लिहिण्यात, बातमीदारीत नाहीतर गेम बनवण्यात गेली आहेत. मराठीत वर्गणी देणारा श्रोता तयार व्हायला तर आणखी वेळ लागेल. म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडून पॉडकास्ट करतो असं मुलगा म्हणाला, तर मी ठाम नाही म्हणेन. शिक्षण चालू ठेवून, आठवड्याचे पाच-सहा तास देऊन करतो म्हणाला, तर तुम्ही आनंदाने हो म्हणा.

शिक्षण कुठलं, याचे तीन रस्ते मला दिसतात. लिहिण्या-बोलण्याकडे ओढा असेल तर कुठलीही चांगली पदवी घेऊन पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात, पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. या विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ हे स्वतःचं रेडिओ केंद्रही आहे. आवाजाचं तंत्र आवडत असेल तर पुण्याच्याच एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, साउंडचा अभ्यासक्रम आहे. तोही पदवीनंतरच, प्रवेश परीक्षा देऊन. हा रस्ता मला विशेष भरवशाचा वाटतो, कारण आवाज साफ करणारा, जोडणारा माणूस सिनेमाला लागतो, रेडिओला लागतो, बोलक्या पुस्तकांना लागतो. तिसरा रस्ता कॉम्प्युटरचा. त्याचं गणित बरं असेल तर तो रस्ता बंद होऊ देऊ नका. पुण्यात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा मोठा स्टुडिओ आहे. ‘राजी’ हा 2020 साली जगभर विकला गेलेला गेम ‘नॉडिंग हेड्स’ या पुण्यातल्याच छोट्या चमूने बनवला, पुराणकथांवर बेतलेला. गेम कंपनीत चाचणी घेणाऱ्यांपासून खेळाडूंशी संवाद ठेवणाऱ्यांपर्यंत तऱ्हेतऱ्हेची कामं असतात, आणि नीट, नेमकं बोलता-लिहिता येणारा माणूस तिथे उठून दिसतो.

एक सावधगिरी मात्र आतापासून. चार लोक ऐकायला लागले की पैसे लावून खेळायच्या ॲपवाल्यांचे फोन येतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला पहिली कमाई म्हणून असाच देकार आला होता, आणि रक्कम पाहून घरचेही हरखले होते. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आणली आहे. तेव्हा असा फोन आला तर सरळ नाही म्हणायचं, कितीही रक्कम असो.

आता दोन शब्द मुलाशी.

बाळा, माईक घेऊ नकोस. मोबाईल आणि वायरचा इअरफोन पुरे. कपाटाचं दार उघडून लटकवलेल्या कपड्यांकडे तोंड करून बोल, आवाज घुमणार नाही. रेकॉर्डिंग कापा-जोडायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शीक. मित्र दुसऱ्या गावात असेल तर दोघांनी आपापल्या फोनवर आपापला आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला एकदम टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही फिती त्या टाळीवर जुळवता येतात. मोठमोठे पॉडकास्टवालेही ही युक्ती वापरतात.

पहिले दोन महिने काहीही अपलोड करू नकोस. एक गेम घे आणि त्यातल्या फक्त दहा मिनिटांवर तीन मिनिटं बोल, जणू समोर आजी बसली आहे आणि तिने स्क्रीन पाहिलेलीच नाही. मग स्वतःचं ऐक. ‘भारी’, ‘खतरनाक’, ‘एक नंबर’ हे शब्द जिथे आलेत तिथे खूण कर. त्या प्रत्येक जागी तुला काहीतरी जाणवलं होतं, पण सांगायचं राहून गेलं. ते शोध आणि पुन्हा बोल. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, सगळ्यांना वाटतो, त्यापायी थांबू नकोस. आणि ज्यांचं ऐकतोस त्यांची नक्कल इंग्रजीत करण्यापेक्षा मराठीत बोलून बघ. कराडच्या बोलीत बोललास तरी चालेल, उलट मला ते जास्त आवडेल.

त्यानंतर मुलाखत. गेम बनवणारा माणूस पहिल्याच दिवशी कुठे शोधणार? तुझ्या घरात एक डिझायनर आहे. आई ब्लाउज बेतते तेव्हा शिवणीत किती माया सोडायची ते ठरवते, म्हणजे पुढे बाई अंगाने भरली तर उसवून वाढवता येतं. कुणाला किती सोडायची, बाईला विचारून की न विचारता, कापड महाग असलं तर काय, कधी चुकलं होतं का, हे सगळं तिला विचार. वीस मिनिटं विचार. ती थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, मनात पाच आकडे मोज. बहुतेक वेळा त्या पाचांतच ती आणखी काहीतरी सांगेल.

ताई, त्या वीस मिनिटांपुरतं मशीन बंद ठेवा, नाहीतर खडखड रेकॉर्ड होईल. झालं की ते रेकॉर्डिंग मला पाठवा. मी पूर्ण ऐकेन आणि मुलाला सविस्तर कळवेन.