खनिज शिल्लक असताना खाण का थांबते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०१२ ची गोव्यातील खाणबंदी येण्यापूर्वी माझे दोन ट्रक डिचोली तालुक्यातील एका लोहखनिजाच्या खाणीवर चालत होते. खड्ड्याच्या तळाला निळसर-काळी भुकटी डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, तरीही कंपनीने आणखी खाली न जाता बाजूच्या भागात काम सुरू केले. माल संपलेला नसताना खड्डा संपला, हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपण पाहिलेली भुकटी म्हणजे बहुधा ब्लू डस्ट (लोहखनिजाची नैसर्गिक भुकटी) असावी आणि ती चांगल्या प्रतीचीही असू शकेल. तरीही तेवढ्यावरून कंपनीचा निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. उघड्या खाणीची सीमा खनिज कुठे संपते यावर ठरत नाही. खालचा आणखी एक थर काढण्यासाठी जेवढी माती हलवावी लागते, तिचा खर्च त्या थराच्या कमाईतून सुटतो की नाही, यावर ती ठरते. आपल्याकडच्या चिरेखाणीवर हा हिशेब तोंडीच होतो. चिऱ्यावर दोन हात माती असेल तर मालक ती आनंदाने काढतो आणि आठ हात असेल तर दुसरी जागा बघतो. चिऱ्याची कडा जवळजवळ उभी राहते, त्यामुळे खाली गेले तरी वरचे तोंड फारसे रुंदावत नाही. लोहखनिजाच्या खाणीत नेमकी हीच सवलत मिळत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खनिजाचा पट्टा ३० मीटर रुंद आहे, सरळ खाली उतरलेला आहे आणि दोन्ही बाजूंच्या कडा ४५ अंशांत ठेवायच्या आहेत. सोयीसाठी माती आणि खनिज यांचे वजन सारखे धरू; प्रत्यक्षात खनिज बरेच जड असते. एक टन खनिजाचे २,४०० रुपये येतात. खोदाई, प्लांट, जेटीपर्यंतची वाहतूक, बार्ज (नदीतून माल नेणारी सपाट बोट), रॉयल्टी असे सगळे मिळून १,५०० रुपये जातात आणि हातात ९०० उरतात. एक टन माती हलवायला १८० रुपये लागतात. याचा अर्थ, एका टन खनिजामागे पाच टनांपर्यंत माती हलवणे परवडते आणि त्यापुढे तोटा सुरू होतो. माती आणि खनिजाच्या या प्रमाणाला खाणीवर स्ट्रिपिंग रेशो म्हणतात.

आता तळ एक मीटर खाली न्यायचा, तर ३० मीटर रुंदीचा एक मीटर थर खनिजाचा मिळतो, पण दोन्ही कडा वरपासून खालपर्यंत एकेक मीटर मागे सरकवाव्या लागतात. खड्डा १५ मीटर खोल असताना ३० भाग खनिजासाठी ३० भाग माती निघते. ७५ मीटरांवर तेवढ्याच खनिजासाठी १५० भाग माती निघते आणि प्रमाण बरोबर पाचाला पाच भिडते. खड्डा इथेच थांबायला हवा. त्याच्या खालीही तेच खनिज, त्याच प्रतीचे, तसेच दिसत राहील. फक्त ते आता आपल्या मातीचा खर्च भरून काढणार नाही.

अनेकांचा गोंधळ होतो तो इथेच, आणि शिकलेल्या माणसांचाही होतो. ७५ मीटर खोल खड्ड्याचे सरासरी प्रमाण काढले तर ते पाच नव्हे, अडीचच येते. मग कुणीतरी म्हणतो, सरासरी पाचापर्यंत परवडते ना, मग अजून खाली जाऊ या. सरासरी पाच होईपर्यंत गेले तर खड्डा १५० मीटर खोल होतो आणि त्या तळाशी शेवटच्या टनामागे दहा टन माती निघत असते, म्हणजे ९०० रुपयांच्या शिलकीसाठी १,८०० रुपयांची माती. वरच्या ७५ मीटरांत मिळवलेला सगळा नफा खालच्या ७५ मीटरांत बुडतो आणि हिशेब शून्यावर येतो. खाणीची आर्थिक सीमा काढताना सरासरीला काहीही किंमत नाही. विचार फक्त शेवटच्या थराचा करायचा असतो.

हे उदाहरण थोडे हलवून पाहिले की सीमा किती चंचल आहे ते कळते. भाव १० टक्क्यांनी उतरला आणि बाकी खर्च तसाच राहिला, तर ९०० ऐवजी ६६० रुपये उरतात आणि खड्डा ७५ ऐवजी ५५ मीटरांवर थांबतो. भाव तसाच ठेवून कडा ४५ ऐवजी ३५ अंशांत ठेवावी लागली, तर तो ५२-५३ मीटरांवरच थांबतो. आपल्या गोव्यातल्या खाणींना हा दुसरा मुद्दा फार लागू पडतो. वर जांभा, त्याखाली मऊ चिकणमाती, आणि त्यावर दर वर्षी कोसळणारा सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस असताना कडा उभ्या ठेवण्याची हौस महाग पडते. शिवाय ट्रक वर-खाली जाण्यासाठी कडेवर रस्ता कोरावा लागतो, आणि त्या रस्त्याच्या रुंदीने कडेचा एकंदर उतार आणखी मंद होतो. आपले ट्रक ज्या चढावरून वर येत होते, त्या चढाचीही किंमत खड्ड्याच्या खोलीने मोजलेली असते.

खरा पट्टा असा सरळ आणि एकसारखा कधीच नसतो. म्हणून ड्रिलिंगच्या नमुन्यांवरून सगळा डोंगर संगणकात लहान लहान ठोकळ्यांत विभागतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर त्याची किंमत लिहितात. खनिजाच्या ठोकळ्याला अधिक आणि मातीच्या ठोकळ्याला उणे. एक ठोकळा काढायचा तर त्याच्यावरचे सगळे ठोकळे उलट्या शंकूसारखे आधी काढावे लागतात. ज्या निवडीची बेरीज सर्वांत जास्त येते, ती खाणीची अंतिम सीमा. वाटते तेवढे हे सोपे नाही. समजा, खनिजाचे दोन ठोकळे शेजारी आहेत. प्रत्येकी सहाची कमाई आहे, प्रत्येकाच्या वरची स्वतःची माती तीनची आहे आणि दोघांच्या वर मिळून सामाईक माती चारची आहे. एकेकटा तपासला तर प्रत्येक ठोकळा एकाने तोट्यात जातो. दोन्ही एकत्र काढले तर सामाईक माती एकदाच काढावी लागते आणि दोनचा फायदा होतो. एकेक शंकू तपासत जाणाऱ्या जुन्या पद्धती अशा ठिकाणी फसत. लेर्क्स आणि ग्रॉसमन या दोघांनी १९६५ मध्ये मांडलेल्या गणिती रीतीने ही अडचण सोडवली आणि आजही सॉफ्टवेअरमध्ये ती रीत किंवा तिच्या नंतरच्या वेगवान आवृत्त्या वापरल्या जातात.

संगणकाने काढलेल्या सीमेतही एक उणीव राहते. ती काळ मोजत नाही. माती आज काढायची आणि तिच्याखालचे खनिज चार वर्षांनी विकायचे, तर आजच्या खर्चावरचे व्याजही धरले पाहिजे. ते धरले की सीमा आत सरकते. आपण पाहिलेल्या खाणीवर बाजूचा भाग उघडण्यामागे हेही कारण असू शकेल : तिथे कमी माती काढून माल लवकर मिळत असेल आणि मधल्या खड्ड्याचा तळ पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवला असेल. कायद्याच्या बाजूने पाहिले तर हे सगळे खाण आराखड्यात लिहावे लागते आणि त्याला नागपूरस्थित भारतीय खाण ब्युरोची मंजुरी लागते.

प्रश्न : कट-ऑफ ग्रेड म्हणजे नेमके काय? आमच्या गावाशेजारचे रिजेक्शनचे डोंगर, जे आम्ही लहानपणी टाकाऊ माती म्हणून पाहिले, ते नंतर खनिज म्हणून कसे विकले गेले?
— भूशास्त्राची विद्यार्थिनी, सावर्डे

उत्तर : ज्या लोहांशाच्या वरचा माल खनिज आणि खालचा माल रिजेक्शन समजायचा, ती रेषा म्हणजे कट-ऑफ ग्रेड. खाणीवर ती खरोखरच्या रेषेने दाखवतात. प्रयोगशाळेतून नमुन्यांचे आकडे आले की बेंचवर, म्हणजे खड्ड्यातल्या पायरीवर, चुन्याची रेघ मारली जाते, काड्यांना रंगीत झेंडे बांधले जातात, आणि शॉवेल चालवणाऱ्याला त्या रेघेच्या अलीकडचा माल प्लांटवर आणि पलीकडचा डंपवर भरायचा असतो. रेघ दोन पावले इकडेतिकडे झाली की दिवसभरात किती ट्रक चुकीच्या जागी रिकामे होतात, याचा अनुभव या लेखकाने एकदा स्वतः घेतला आहे. त्या संध्याकाळी प्लांटवरून आलेला फोन अजून आठवतो.

पण रेषा एकच नसते. वरच्या उदाहरणातला १,५०० रुपयांचा खर्च दोन भागांत मोडू : खोदाईचे ३५० आणि त्यापुढचे १,१५०. समजा, एक माल कमी प्रतीचा आहे आणि त्याचे टनाला १,३०० रुपयेच येतात. त्याच्यासाठी मुद्दाम खोदायचे ठरवले तर २०० रुपयांचा तोटा आहे, म्हणून त्याच्यासाठी खड्डा वाढवायचा नाही. पण तोच माल चांगल्या खनिजाच्या वर पडलेला असेल, तर तो काढावा लागणारच आहे. तो प्लांटवर नेला काय किंवा डंपवर टाकला काय, खोदाईचा खर्च झालेलाच आहे. आता प्रश्न फक्त पुढच्या १,१५० रुपयांचा आहे, आणि मग त्याच टनावर १५० रुपये सुटतात. खड्डा किती मोठा हे ठरवणारी रेषा वर असते. काढलेला ट्रक कुठे पाठवायचा हे ठरवणारी रेषा तिच्या खाली असते. यालाही एक अट आहे. प्लांट पूर्ण भरून चालत असेल तर कमी प्रतीचा ट्रक चांगल्या मालाची जागा अडवतो आणि १५० रुपयांचा फायदा कागदावरच राहतो. केनेथ लेन यांनी १९६४ मध्ये हीच गोष्ट मांडली : खोदाई, प्लांट आणि बाजार यांपैकी अडचण जिथे असेल, त्यानुसार कट-ऑफ बदलतो.

आपल्या गावाशेजारचे डोंगर या दुसऱ्या रेषेचे वारसदार आहेत. ते टाकले तेव्हाच्या भावाने तो माल प्लांटपर्यंत नेणेही परवडत नव्हते. २००० नंतरच्या दशकात चीनमधून कमी प्रतीच्या मालाला मागणी आली, भाव चढले आणि रेषा खाली सरकली. डंप तर आधीच खोदलेला होता, त्यामुळे त्याच्या बाबतीत खोदाईचा प्रश्न फक्त उचलण्यापुरता उरला. रेषा उलटही सरकते. ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोहांशाच्या मालावर मे २०२२ मध्ये ५० टक्के निर्यात शुल्क लागले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते उठले. त्या सहा महिन्यांत आपल्या उदाहरणातले ९०० रुपये कुठल्या कुठे गेले असते. म्हणूनच हेमॅटाइट या लोहखनिजासाठी खाण ब्युरोने ठरवलेले ४५ टक्क्यांचे किमान मूल्य महत्त्वाचे आहे : त्याच्या वरचा, पण आज न विकला जाणारा माल मातीत मिसळू न देता वेगळा रचून ठेवावा लागतो.

प्रश्न : नव्या लिलावांत सरकारला मोठा हिस्सा मिळणार असे वाचतो. त्यामुळे खाणी जास्त खोल जातील की कमी? आणि विहिरी आटतात, शेतात गाळ येतो, याचा हिशेब त्या आर्थिक सीमेत धरतात का?
— एक वाचक, सांगे

उत्तर : पैसे कसे घेतले जातात यावर ते अवलंबून आहे. एकरकमी भरलेल्या पैशाचा खड्ड्याच्या खोलीवर परिणाम होत नाही, कारण शेवटचा थर काढला किंवा न काढला तरी ते गेलेलेच असतात. टनामागे द्यावयाचा हिस्सा मात्र प्रत्येक थराच्या कमाईतून कापला जातो आणि सीमा आत ओढतो. गोव्यात डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या लिलावांत बोली विक्रीमूल्याच्या टक्केवारीची होती आणि पहिल्याच फेरीत ती ६० टक्क्यांच्या पुढे गेली. तिजोरीला हे चांगलेच आहे. पण एवढा हिस्सा दिल्यावर जो कमी प्रतीचा माल पूर्वी परवडत होता, त्यातला काही जमिनीतच राहणार, हे या व्यवहारात गृहीत आहे.

दुसऱ्या बाजूने नवे ब्लॉक खोलीला मदत करतात. पोर्तुगीज काळातले पट्टे लहान, साधारण १०० हेक्टरांच्या आतले होते. पट्ट्याच्या हद्दीपासून ७.५ मीटर जागा सोडावी लागते, आणि मुख्य म्हणजे कडेचा उतार हद्दीच्या आत बसवावा लागतो. त्यामुळे शेजारी शेजारी दोन पट्टे असले की मधल्या हद्दीखाली खनिजाचा खाली रुंदावत जाणारा डोंगर अडकून राहतो; तो हिशेबाने परवडणारा असूनही कागदाने बंद असतो. जुने पट्टे एकत्र करून ४०० हेक्टरांहून मोठा ब्लॉक झाला की हा अडकलेला माल मोकळा होतो. खोली वाढण्याचे ते एक खरे कारण आहे.

विहिरींबद्दल सरळ उत्तर असे की खाणमालकाच्या हिशेबात पंप धरलेला असतो, विहीर धरलेली नसते. भूजलपातळीच्या खाली गेलेल्या खड्ड्यातून पावसाळा संपल्यावर पाणी उपसावे लागते, तो खर्च खोलीबरोबर वाढतो आणि मालक तो काटेकोरपणे लिहितो. त्याच उपशाने शेजारच्या वाड्यावरची विहीर खाली गेली, तर तो खर्च वाड्यावरच्या माणसांच्या कळशीत जातो. तो टनामागे आकारला, तर खड्डा आपोआप आधी थांबेल. एकरकमी भरपाई दिली तर विहिरीवाल्याला पैसे मिळतील, पण खड्डा तेवढाच खोल जाईल. या लेखकाला पहिली रीत अधिक योग्य वाटते.

आपल्या भागात पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होईल तेव्हा शेवटच्या बेंचसाठी धरलेला भाव, त्या बेंचचे मातीचे प्रमाण आणि कडेचा उतार हे तीन आकडे मागून घ्यावेत. सरासरी प्रमाण सांगितले गेले तर प्रश्न पुन्हा विचारावा.