पिनबॉल यंत्र सुटे करताना ठेवायच्या नोंदी

बॅली कंपनीचे १९९२ सालचे ‘द ॲडम्स फॅमिली’ पिनबॉल यंत्र पूर्ण सुटे करून प्लेफील्ड (चेंडू ज्यावर धावतो ती रंगवलेली लाकडी फळी) स्वच्छ करायचे आहे, पण शेकडो स्क्रू, पोस्ट (फळीवरचे छोटे खांब) आणि तारा पुन्हा आपापल्या जागी कशा जातील, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुटे भाग त्यांच्या प्रकारानुसार वेगळे करण्याचा मोह टाळावा. सारखे दिसणारे स्क्रू एकाच डब्यात ठेवणे नीटनेटके वाटते. परंतु प्लेफील्डचे प्लायवूड जेमतेम १३ मिलिमीटर जाडीचे असते आणि खालच्या बाजूने लावायचा स्क्रू थोडा जरी लांब निघाला, तरी तो वरचा रंगवलेला पृष्ठभाग उचलतो किंवा फोडून बाहेर येतो. त्या जखमेवर समाधानकारक उपाय नाही. म्हणून प्रत्येक रॅम्पचे (चेंडूच्या चढत्या-उतरत्या मार्गाचे), प्रत्येक यंत्रणेचे स्क्रू वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवावेत आणि पिशवीवर भागाचे नाव, काढण्याचा क्रम व छायाचित्राचा क्रमांक लिहावा.

पहिला स्क्रू काढण्यापूर्वी यंत्र सुरू करून चाचणी मेनूतून सर्व स्विच, दिवे आणि कॉइल (यंत्रातील भाग हलवणारी विद्युतचुंबकी वेटोळी) तपासावेत व बिघाडांची यादी करावी. ती नसेल, तर जोडणीनंतर दिसलेला दोष जुना आहे की आपल्या हातून झाला, हे ठरवता येत नाही. यंत्रातील सेटिंग्जही याच वेळी लिहून घ्याव्यात, कारण मुख्य बोर्डावरील तीन एए बॅटऱ्या काढल्यावर त्या पुसल्या जातात. बॅटऱ्या मात्र काढाव्यातच; त्या गळल्या की बोर्ड खातात.

छायाचित्रे वरून, खालून आणि तिरप्या कोनातून घ्यावीत, आणि एक थर उतरला की पुन्हा घ्यावीत, कारण रॅम्पखाली काय आहे ते पहिल्या छायाचित्रात दिसतच नाही. कनेक्टर काढण्यापूर्वी त्यावर बोर्डावरचाच क्रमांक चिकटवावा. फ्लिपरच्या (चेंडू उडवणाऱ्या पात्याच्या) कॉइलला तीन टोके असतात. तारांची अदलाबदल झाल्यास कॉइल जळू शकते, त्यामुळे तारांच्या सोल्डरचा डाग काढण्यापूर्वी त्यांचे रंग वहीत लिहावेत. डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) असल्यास त्याची पट्टा असलेली बाजू कोणत्या टोकाला आहे, हेही नोंदवावे.

प्लेफील्डखालच्या यंत्रणा एकाच वेळी सगळ्या उघडू नयेत. डावा फ्लिपर उघडावा, साफ करावा, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडावा आणि मगच उजव्याला हात लावावा. म्हणजे न उघडलेला फ्लिपर नमुना म्हणून समोर राहतो, अर्थात तो आरशातील प्रतिमेसारखा उलट असतो हे लक्षात ठेवून. या यंत्रातील पुस्तकांच्या कपाटाची आणि ‘थिंग’ नावाच्या हाताची यंत्रणा अखंड उतरवून स्वतंत्र खोक्यात ठेवावी. ठिसूळ झालेली प्लास्टिके मोठ्या पुठ्ठ्यावर प्लेफील्डवरील मांडणीप्रमाणेच ठेवावीत. लाकडी स्क्रू परत लावताना आधी हलकेच उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत बसल्याचे हाताला जाणवले की मग आवळावा.

छायाचित्रांवर पूर्ण विसंबून मात्र राहू नये. तीस वर्षांत यंत्र अनेकांच्या हातांतून गेलेले असते, त्यामुळे चुकीच्या मापाचे रबर किंवा भलत्याच ठिकाणचा पोस्टही छायाचित्रात तितकाच पक्का दिसतो. रबर रिंगा जुन्या रिंगांच्या मापावरून न मागवता मॅन्युअलमधील तक्त्यावरून मागवाव्यात, कारण जुन्या ताणून सैल झालेल्या असतात.