‘यूज्ड टू’ रोजच्या इंग्रजी वाक्यांत कसं वापरायचं? नेहमीच्या सवयीसाठी चालतं का?

तुम्ही विचारलंय की ‘आय यूज्ड टू ड्रिंक टी एव्हरी मॉर्निंग’ म्हणजे ‘मी रोज सकाळी चहा पितो’ असं होतं का, ‘आय ॲम यूज्ड टू’ त्याहून वेगळं कसं, आणि त्याच जागी ‘वुड’ कधी घालायचं.

पहिल्याचं उत्तर: नाही, होत नाही. ऐकणारा समजेल की तुम्ही पूर्वी चहा प्यायचात आणि आता सोडलाय. मी गेली १९ वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते, पण हे लिहायला बसले त्याचं कारण शाळेतलं नाही, घरातलं आहे.

आमच्या अप्पांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे. तेव्हापासून ते रोज रात्री नऊला वॉरफेरिनची, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी घेतात, दर महिन्याला मिरजेत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासतात आणि तो बघून डॉक्टर डोस कमी-जास्त करतात. ही गोळी त्यांना जन्मभर घ्यायची आहे. २०१८ च्या मे महिन्यात ते दादाकडे बंगळूरला गेले होते. तिथे दाढ ठणकायला लागली. दोन दिवस लवंग धरून काढले, तिसऱ्या दिवशी दादा त्यांना जवळच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. अप्पांना मिरजेकडचं कामापुरतं कानडी येतं, पण गोळ्या-औषधांचं बोलण्याइतकं नाही. त्यामुळे सगळं बोलणं दादाने इंग्रजीतून केलं. औषधं कुठली चालू आहेत, असं डॉक्टरांनी विचारलं. दादा म्हणाला, ‘ही यूज्ड टू टेक अ ब्लड थिनर.’

त्याला म्हणायचं होतं, ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असतात. डॉक्टरांनी लिहून घेतलं की पूर्वी घेत होते, सध्या औषध नाही. तो केसपेपर मी नंतर स्वतः वाचला आहे. अप्पांची फाइल मिरजेला कपाटात होती.

दुपारी चारला दाढ काढली. आठ वाजले तरी रक्त थांबेना. वहिनी कापसाचे बोळे बदलत राहिली, उशीवर टाकलेला पंचा भिजला. अप्पा तोंडातलं रक्त गिळत होते आणि कुणाला त्रास नको म्हणून ‘थांबेल, थांबेल’ म्हणत होते. मी इकडे मिरजेत फोन कानाला लावून बसलेले. आई देवापुढे. शेवटी अकराला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे पहिला प्रश्न आला, वॉरफेरिन आज घेतात का? आत्ता, चालू? दादा म्हणाला, हो. मग आयएनआर तपासला, हिरडीला टाके घातले, रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा दाबून धरायला लावला. पहाटे तीनला सगळे घरी आले. आधी कळलं असतं तर आयएनआर बघून, टाक्यांची तयारी ठेवूनच दाढ काढली असती. वॉरफेरिनवर असलेल्यांचे दात काढतात, त्यात अवघड काही नाही. फक्त माहीत असावं लागतं.

आता दादाचं आणि माझं कॉलेजपासूनचं भांडण. त्याचं म्हणणं, समोरच्याला कळलं म्हणजे झालं, व्याकरण तुम्हा मास्तरणींसाठी. मी त्याच्या नोकरीच्या अर्जात दुरुस्त्या केल्या तेव्हाही हेच. त्या रात्रीनंतर मी त्याला जे सांगितलं ते इथेही सांगते: दादा, समोरच्याला कळलंच होतं. तू जे बोललास तेच त्यांना कळलं. तुझ्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, म्हणून तर कुणी अडवलं नाही. तू ‘ही टेकिंग टॅबलेट’ असं मोडकं बोलला असतास तर डॉक्टरांनी दोनदा विचारलं असतं. मोडक्या वाक्याला प्रश्न येतो, पण शुद्ध वाक्य चुकीच्या जागी पडलं की कुणी काही विचारत नाही. ‘यूज्ड टू’ची चूक म्हणूनच मला बाकी चुकांपेक्षा जास्त घातक वाटते.

ही चूक येते आपल्या मराठीतून, आणि शिकवण्यातूनही. आपल्याकडे ‘मी गोळी घेत असतो’ हा रीती वर्तमानकाळ आणि ‘मी गोळी घेत असे’ हा रीती भूतकाळ. फरक ‘असतो’ आणि ‘असे’ एवढाच. शाळेत ‘यूज्ड टू म्हणजे -त असे’ असं एकदा घोकून घेतात, आणि बोलण्यात ‘घेत असे’ आता फारसं कुणी म्हणत नाही. मग मुलाच्या डोक्यात ‘सवय म्हणजे यूज्ड टू’ एवढंच उरतं. आपण बोलताना ‘घ्यायचो’ म्हणतो, तेच खरं ‘यूज्ड टू’. ‘आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो’: ‘वुई यूज्ड टू स्लीप ऑन द टेरेस.’ मी फळ्यावर प्रत्येक वाक्यापुढे ‘आता नाही’ असं लिहायला लावते. ते दोन शब्द जोडून वाक्य खरं राहत असेल तरच ‘यूज्ड टू’. चालू सवयीला साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘आय ड्रिंक टी’, ‘ही टेक्स वॉरफेरिन’. पोरांना हे फार सोपं वाटतं, मोठं काहीतरी वापरल्याशिवाय इंग्रजी बोलल्यासारखं वाटत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो.

‘आय ॲम यूज्ड टू’ ही वेगळीच गोष्ट, तिचा काळाशी संबंध नाही. ती अंगवळणी पडण्याची. ‘आय ॲम यूज्ड टू द नॉइज’, मला गोंगाटाची सवय आहे. पुढे क्रियापद आलं तर इंग लावायचं: ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप ॲट फाइव्ह.’ सवय होत असेल तर ‘गेटिंग यूज्ड टू’. प्रश्नात किंवा नकारात ‘डिड’ आलं की लिहिताना ‘यूज’चा शेवटचा डी जातो, ‘डिड यू यूज टू लिव्ह हिअर?’ बोलताना काहीच फरक नाही, दोन्हीकडे ‘यूस्टू’च ऐकू येतं. वापरण्याचं ‘यूज्ड’ मात्र झ-कारी: ‘धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड’. ‘वुड’चं एवढंच सांगते की राहणं, असणं, आवडणं अशा गोष्टींना ते चालत नाही. ‘आय वुड लिव्ह इन मिरज’ म्हणून ‘मी मिरजेत राहायचे’ असं होणार नाही.

एक राहिलं. ‘यूज्ड टू’ म्हटलं की सवय सुटलीच असं दरवेळी नसतं, ‘आय यूज्ड टू, अँड आय स्टिल डू’ असंही लोक म्हणतात. पण ते पुढचं बोलावं लागतं. आपल्याकडे ऑफिसात अनेकजण ‘आय यूज्ड टू कम बाय बस’ म्हणतात आणि आजही बसनेच येतात, तिथे कुणाचं काही बिघडत नाही. तिथे टोकू नका, मीही टोकत नाही. आणि त्या डॉक्टरांनी ‘आता घेतात का’ असं एकदा विचारायला हवं होतं, हे दादाचं म्हणणं मला मान्य आहे. ते तो आजही सांगतो. फक्त त्यानंतर त्याने अप्पांच्या पाकिटात एक कार्ड ठेवलं: गोळीचं नाव, डोस, रात्री नऊ. वर इंग्रजीत ‘टेक्स डेली’. लिहिण्याआधी त्याने मला फोन करून विचारलं होतं.