लीड कोणाचा, भावाचा की बहिणीचा?

प्रश्न : नमस्कार ताई, मी इंदिरानगरला राहतो, वय २४, बहीण २० ची. आम्ही दोघं जुनी भावगीतं आणि हिंदी गाण्यांचे कव्हर करतो, गिटार माझी, गातो दोघं. दिवाळीत सोसायटीत पाडवा पहाट आहे, सकाळी सहाला, आणि तेव्हा माझा आवाज उघडलेला नसतो. दहा गाणी ठरलीत आणि लीड, म्हणजे मुख्य आवाज, कुठे कोणी घ्यायचा यावरून रोज भांडण. मी म्हणतो एक ओळ तुझी एक माझी, अन्याय कोणावरच नको. ती म्हणते तू मला भरतीला घेतोस. आई म्हणते पाच तुझी, पाच तिची करा आणि मिटवा एकदाचं. एक व्हिडिओ पाठवतोय, तुम्हीच सांगा वाटायचं कसं?

उत्तर : व्हिडिओ चारदा पाहिला, शेवटी हेडफोन लावून. आधी हे सांगते की तुमचे आवाज एकमेकांना फार छान लागतात, एका घरात वाढलेल्यांचा ‘ळ’ सारखा पडतो, ‘च’ सारखा पडतो, श्वाससुद्धा तुम्ही एकाच जागी घेता, बाहेरच्या दोघांना हे जमवायला वर्षं जातात. पण दुसऱ्या अंतऱ्यात तार सप्तकातल्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, गंधारावर (ग वर) तिचा आवाज एकदम बारीक होतो, शब्दाचं शेवटचं अक्षर ती गिळते, आणि बरोबर तिथेच तुझी गिटार जोरात येते. तू तिला सांभाळायलाच गेलास हे कळतं मला, पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की पोरीला वर झेपत नाही.

तिला झेपतं रे. पट्टी, म्हणजे सा जिथे धरायचा ती जागा, तुझी आहे म्हणून होतंय ते.

तू काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गातोयस. ती रियाज कशात करते ते विचार, माझ्या मते काळी चार असणार, बहुतेक मुली तिथेच नाहीतर काळी पाचला असतात. म्हणजे तुझ्या काळी एकमध्ये गायचं तर तिला स्वतःच्या सा पासून पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून पाच पट्ट्या वर जाऊन गावं लागतं, आणि खालच्या सप्तकात घ्यायचं म्हटलं तर सात पट्ट्या खाली, तिथे तिचा आवाज माइकला पण पोचायचा नाही. आणि ही पट्टी गिटार घेऊन बसलेला माणूस ठरवतो, दरवेळी, कोणाला न विचारता. आमच्याकडे पेटी काकांकडे असायची, पंचवटीतल्या आमच्या वाड्यात कोजागिरीला मी आणि माझा भाऊ गायचो, काका भावाची पट्टी धरायचे आणि मी त्यात ओरडायचे, ‘पोरीचा आवाज चिरका आहे’ हे ऐकत मोठी झाले. विसाव्या वर्षी क्लास लावला, बाईंनी पहिल्याच दिवशी काळी पाच धरली आणि म्हणाल्या गा, तेव्हा मला माझा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. तुझ्या बहिणीच्या बाबतीत इतकी वर्षं जाऊ नयेत असं मला फार मनापासून वाटतं.

म्हणून वाटणी ओळी मोजून करू नका. प्रत्येक गाणं आधी दोघांनी वेगवेगळं, अख्खं गा, आपापल्या पट्टीत, मोबाईलवर तानपुरा लावून, रेकॉर्ड करा आणि लगेच नाही, दुसऱ्या दिवशी ऐका. मुखडा ज्याच्या तोंडी खरा वाटतो त्याचा मुखडा, आणि तो पूर्ण त्याचा. ‘एक ओळ तुझी एक माझी’ मध्ये काय होतं ते तुमच्याच व्हिडिओत दिसतंय बघ, प्रत्येक ओळीआधी ती तुझ्याकडे बघते, आता माझी पाळी आहे ना म्हणून, शब्दांकडे लक्ष जाणार कुठून. आईचा पाच-पाचचा हिशोब त्यापेक्षा बरा, पण सहा-चार झालं तर तेही चालू दे. अंगाई असेल, आईच्या तोंडची ओवी असेल, तिथे तर बोलणारं कोण आहे ते शब्दच सांगतात.

आता तुझ्या गिटारचं. तू सी शेपमध्ये, म्हणजे सी कॉर्डच्या बोटांनी, वाजवतोस, कॅपो (गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, ही काळी एक. कॅपो तिथेच ठेव आणि जी शेप धर, काळी चार झाली! कॅपो हलवायची गरजच नाही. म्हणजे मुखडा आणि पहिलं कडवं तू तुझ्या पट्टीत गायचंस, मग मधल्या म्युझिक पीसमध्ये हळूहळू तुझ्या पंचमावर (प वर) येऊन थांबायचंस, दोन आवर्तनं तिथेच राहायचंस, आणि तिने तोच सूर स्वतःचा षड्ज, म्हणजे सा, धरून दुसरं कडवं उचलायचं. तुझा पंचम तोच तिचा सा. ऐकणाऱ्याला पट्टी बदललेली खटकत नाही कारण पंचम कानात आधीपासून असतोच. सगळ्या गाण्यांना हे करू नका, दहात दोन बास, बाकी गाण्यांत जो लीड त्याची पट्टी, दुसऱ्याने त्यात जमवायचं, आणि हो, तूही जमवायचंस.

कारण ‘भरती’ हा शब्द तिला लागलाय तो तुझ्या लीडमुळे नाही, दुसऱ्या आवाजाला तुम्ही घरात कमी समजता म्हणून. अमेरिकेतले कारपेंटर्स हे भाऊ-बहीण घे, रिचर्ड आणि कॅरन, १९७० मध्ये त्यांचं जे गाणं गाजलं ते मुळात दुसऱ्यांचं, आधी इतरांनी गायलेलं, म्हणजे कव्हरच. लीड कॅरनचा, आणि रिचर्ड पियानोवर, अरेंजमेंट सगळी त्याची, मागचे आवाज दोघांचे, एकावर एक रेकॉर्ड केलेले. तिचा खालचा सूर भरीव होता म्हणून गाणी त्या सुराला धरून बेतली जायची. भावाचं काम कुठे कमी झालं त्यात?

हार्मनी, म्हणजे एकाच वेळी दोघांनी वेगवेगळे सूर लावणं, करताना एक सांभाळा. रागातलं गाणं असेल तर डोळे मिटून तिसरा सूर लावत जाऊ नका. भूप रागात बघ, सा वर ग, ग वर प, ध वर वरचा सा, इथपर्यंत छान, पण रे वर तिसरा सूर लावलास तर मध्यम येतो आणि प वर लावलास तर निषाद, दोन्ही भूपात नाहीत, गाण्याचा चेहराच बदलतो. तिथे रे वर प घ्या, नाहीतर दोघं एकाच सुरात गा, ते सर्वात सुंदर लागतं खरं तर.

पहिलं गाणं तिच्या पट्टीत करा. सकाळी सहाला तुझा आवाज उघडलेला नसतो असं तूच लिहिलंयस.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी, सिडको. दोघींची पट्टी एकच, काळी पाच. मग लीड कोणी घ्यायचा?

उत्तर : पट्टी एक असली तरी आवाजाचं वजन एक नसतं. दोघींनी मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प वर, थांबून बघा, जिचा सूर तिथे न हलता उभा राहतो तिने मूळ चाल धरावी, दुसरीने वरून साथ द्यावी. अमेरिकेतले एव्हर्ली ब्रदर्स हे दोघे भाऊ असंच गायचे, डॉन खाली मूळ चालीत आणि फिल वर, एकट्याची ओळ आली की बहुतेक वेळा डॉनची. आपल्याकडे पं. राजन-साजन मिश्र हे शास्त्रीय गायक बंधू एकाच पट्टीत एकच ख्याल गायचे, एकाने सोडलेल्या जागेवरून दुसरा उचलायचा. त्यांची कुठलीही मैफल लावा आणि फक्त एवढंच ऐका की एक गात असताना दुसरा काय करतोय. तो थांबलेला नसतो, ऐकत असतो.