एअरबॅग आहे, पण सांगाड्याचे काय?

प्रश्न : समोरच्या दोन एअरबॅग आता सक्तीच्या आहेत, मग स्वस्त मोटार घेताना आणखी काय पाहावे?

उत्तर : सांगाडा पाहावा. जानेवारी २०१४ मध्ये मोटारी आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतातील पाच मोटारींच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवल्या, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाचही मोटारींना पाचपैकी शून्य तारे मिळाले. त्यांपैकी तेव्हा चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा टिकून राहिला होता, म्हणूनच दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. अल्टो ८०० चा सांगाडा मात्र इतका कमकुवत ठरला, की नुसत्या एअरबॅगने भागले नसते. किंमत कमी दिसावी म्हणून जीव वाचवणारी वस्तू महागड्या आवृत्तीपुरती राखून ठेवणे मला आजही अक्षम्य वाटते. ‘भारत एनकॅप’ या आपल्या देशातील अशाच चाचणीचे तारे विक्रेत्याला जरूर विचारा, आणि ते नेमक्या कोणत्या आवृत्तीला मिळाले, हेही विचारा.